तळटीप : स्टिंगचे ‘बर्फातले आगमन’
७. स्टिंग (जन्म १९५९) : चेहरा रंगवून रिंगमध्ये उतरणारा अमेरिकी व्यावसायिक मल्ल. त्याची ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ ही कंपनी २००१मध्ये प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. त्या प्रतिस्पर्ध्याच्या रिंगमध्ये तो आला थेट २०१४मध्ये. पुढच्याच वर्षी मानेला इजा झाली आणि २०१६मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. मजकुरात उल्लेख आहे तो २ डिसेंबर २०२०च्या रात्रीचा. ‘एईडब्ल्यू’ या नव्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्यक्रमात दिवे मालवले, कृत्रिम बर्फ भुरभुरू लागला आणि ६१ वर्षांचा स्टिंग समोर आला. कंपनीने त्याला नुसते मिरवले नाही, तरुण डार्बी ॲलिनच्या जोडीला उभे केले. ३ मार्च २०२४ला दोघांनी स्टिंगची अखेरची लढत जिंकली. जुन्याचा मान राखत नव्याला घडवणे ते हेच.