कोशाचं पाखरू आणि एकाच देवीची दोन नावं

गेल्या जुलैमध्ये एका मित्राच्या मामांकडे आरमोरीला गेलो होतो. आरमोरी म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं गाव, वैनगंगेपासून जवळ. पहिला मोठा पाऊस नुकताच होऊन गेलेला. रात्री जेवून ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात ट्यूबलाइटखाली भिंतीवर तळहाताएवढा एक पतंग येऊन चिकटला. पिवळसर रंग, चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध काच बसवल्यासारखा पारदर्शक ठिपका. सह्याद्रीत चार ट्रेक केल्याच्या जोरावर मी ठोकून दिलं, "अ‍ॅटलास मॉथ!"

मामा हसले. "काहाचा अ‍ॅटलास! कोशाचं पाखरू आय ते, बाबू. मादी आय."

झाली ना पंचाईत! पुण्याला परत आल्यावर शोधाशोध केली, तर मामा शंभर टक्के बरोबर. अ‍ॅटलासच्या पंखांवरच्या खिडक्या तिकोनी असतात आणि पुढच्या पंखांची टोकं सापाच्या डोक्यासारखी दिसतात. गोल डोळेवाला हा टसर रेशमाचा पतंग. पिवळसर-राखाडी असली तर बहुधा मादी, आणि विटकरी-तपकिरी, पिसासारख्या रुंद मिशांचा तो नर. इथपर्यंत सोपं होतं. मग मी त्याचं शास्त्रीय नाव शोधायला गेलो आणि दोन शनिवार-रविवार त्यातच गेले.

कारण नावं दोन निघाली. आपल्याकडचे रेशीमवाले लिहितात 'अँथेरिया मायलिट्टा'. काही वर्गीकरणवाले म्हणतात, नाही, खरं नाव 'अँथेरिया पाफिया'. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच रेकॉर्डला दोन प्रायमरी की!

'पाफिया' हे नाव लिनियसने १७५८ मध्ये दिलं. हा बाबा भारतात कधीच आला नव्हता. लोकांनी आणलेले नमुने आणि दुसऱ्यांनी काढलेली चित्रं एवढ्यावर जगभरच्या जीवांना नावं देत बसायचा. मग १७७३ मध्ये लंडनच्या ड्रुरीने आपल्या सचित्र ग्रंथात 'मायलिट्टा' नाव छापलं. ड्रुरी हा पेशाने चांदीकाम करणारा, हौस मात्र किड्यांची. (वीकेंडला ब्लॉग लिहिणाऱ्या इंजिनियरला तो लगेच जवळचा वाटतो.) गंमत अशी, की पाफिया म्हणजे पाफोस गावची देवी, अर्थात ग्रीकांची अ‍ॅफ्रोडाइटी. आणि मायलिट्टा? हेरोडोटसने लिहून ठेवलंय की असिरियन लोक अ‍ॅफ्रोडाइटीला मायलिट्टा म्हणतात. म्हणजे भांडण दोन नावांचं, देवी एकच. ड्रुरीने हे मुद्दाम केलं की कसं, देव जाणे.

पण दोघांनी पाहिला तो टाचणीला टोचलेला पतंग. तो कुठल्या झाडावर वाढतो, कधी बाहेर पडतो, यातलं त्या पेटीत काहीच नव्हतं. जंगलाची बाजू पहिल्यांदा नीट लिहिली ती विल्यम रॉक्सबर्गने. हा १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८०४ मध्ये बंगालच्या टसर आणि एरी रेशीमकिड्यांवरचा त्याचा निबंध छापून आला. वनस्पतीवाला असल्यामुळे त्याने आधी झाडं पाहिली : बोर आणि ऐन. हा किडा तुतीच्या रेशीमकिड्यासारखा घरात पाळता येत नाही, म्हणून डोंगरातले लोक तो जंगलातूनच गोळा करतात, हेही त्याने नोंदवलं. आणि या रेशमाची धोतरं तिकडचे ब्राह्मण फार वापरतात, हेसुद्धा.

इथे मी थांबलो. आमच्या आजोबांचा पूजेचा मुकटा टसरचाच होता. मळकट सोनेरी, जाडाभरडा आणि वर्षानुवर्षं न फाटणारा. आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी, सोवळं मोडायचं! ते सोवळं जंगलात ऐनाच्या झाडावर तयार झालं होतं आणि तिथून ज्यांनी आणलं त्यांना कदाचित आमच्या देवघरात पाऊल ठेवू दिलं नसतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. असो.

पुढची गोष्ट धंद्याची. टसरला रंग धड बसत नसे, म्हणून युरोपात त्याला फारशी किंमत नव्हती. इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डलने त्याचा ध्यास घेतला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे रंगवलेले टसर झळकले आणि १८८१ मध्ये त्याने भारतातल्या रानरेशमांवर पुस्तकच काढलं. टसरचा धागा तुतीच्या रेशमासारखा गोल नसून फितीसारखा चपटा असतो, म्हणून त्याची चमक वेगळी, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं. पतंगाचं नाव पाफिया की मायलिट्टा, याने रंगाऱ्याला काय फरक पडतो? काहीच नाही. पण कोष कुठल्या जंगलातला, याने मात्र पडतो.

आणि माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे. टसरच्या पतंगाचे चाळीसहून जास्त स्थानिक वाण नोंदलेले आहेत. झारखंडच्या सिंहभूमचा डाबा ऐन-अर्जुनावर वाढतो, माणसाच्या राखणीत नीट राहतो. बस्तरचा रैली सालाच्या जंगलातला. त्याचा कोष मोठा, वजनदार, दगडासारखा टणक. त्याला पाळायचे प्रयत्न अनेकदा झाले पण जमलेलं नाही, आजही त्याचे कोष जंगलातूनच वेचावे लागतात. ओडिशातल्या सिमलीपालचा मोडल हाही सालावरचा. आणि आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातला एक वाण, नावच 'भंडारा'. या सगळ्यांचा एकमेकांशी संकर होतो. पतंग समोरासमोर ठेवले तर रंगावरून मला तरी ओळखता येणार नाहीत, कारण एकाच वाणात चार रंग सापडतात. फरक कळतो तो कोषावरून, झाडावरून आणि वर्षातून किती पिढ्या निघतात त्यावरून. म्हणजे अडीचशे वर्षं पुस्तकवाले पंख बघत बसले आणि ओळख लपली होती रानात!

हे मामांना सांगायची गरज नव्हती. मामा ढिवर समाजातले, नदीत मासेमारी आणि ऐनाच्या रानात कोसा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला रानात घेऊन गेले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली. पान उलटं केलं की देठाजवळ दोन बारीक गाठी, ही त्याची खूण. एका फांदीला मागच्या हंगामातला रिकामा कोष लटकत होता. अळी आधी रेशमाचाच एक पक्का देठ विणते, त्याची कडी फांदीभोवती अडकवते आणि मग फळासारखा कोष टांगते. पान गळलं तरी कोष पडत नाही. आतला जीव अख्खा उन्हाळा काढतो, पावसाची ओल आली की एका पाचक रसाने कोषाचं तोंड मऊ करून बाहेर पडतो. बाहेर आल्यावर त्याला खायला तोंडच नसतं. आठवडाभर जगतो, अंडी घालतो, संपतो.

मामा अळ्या झाडावर सोडतात आणि महिनाभर गुलेर घेऊन पाखरं हाकलतात, मुंग्यांवर लक्ष ठेवतात. म्हणाले, आता बाहेरून डाबाचे अंडीपुंज येतात, सांभाळायला सोपे, कोषही बरे. "मंग आपला जुना कोसा?" मी विचारलं. ते म्हणाले, आहे अजून रानात, पण माद्या बाहेरच्या आणि नर रानातले असं चालू आहे, दहा वर्षांनी कुठला कोणता सांगता येणार नाही. डाबाने चार पैसे जास्त मिळत असतील तर मामांनी तो का घेऊ नये? मला उत्तर सुचलं नाही. फक्त, कोणता वाण मिसळून गेला हे कळायला आधी तो कुठला होता याची नोंद तरी हवी ना.

मामांनी तो रिकामा कोष मला दिला. संग्रहालयात नमुन्याखाली चिठ्ठी लावतात, तशी मीही एक केली. नावाच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो, शेवटी तो कोरा सोडला. खाली लिहिलं : ऐनाची फांदी, आरमोरीजवळचं रान, मागच्या हंगामातला कोष, जुलैत मिळाला.