लोकाचा अंत चालून गाठता येतो काय?

वलवणच्या धरणावरून पूर्वेकडे पाहिले असता लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या मार्गाच्या एका अंगास कार्ल्याचे व दुसऱ्या अंगास भाज्याचे डोंगर येतात. बोरघाट उतरून कोकणातील बंदरांकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच मावळातून जात असे. या डोंगरांतील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्खूंची आकाशाविषयी धारणा काय होती? आणि मनुष्य आज ताऱ्यांपर्यंत जाण्याच्या व अन्यत्र जीवसृष्टी शोधण्याच्या गोष्टी बोलत असताना त्या धारणेचे मोल काय? या प्रश्नांचा येथे संक्षेपाने विचार करावयाचा आहे.

प्रथम विनयपिटकाची साक्ष घेऊ. चुल्लवग्गात अरण्यवासी भिक्खूंची एक हकीकत आहे. चोरांनी त्यांना आजचे नक्षत्र कोणते, ही दिशा कोणती, असे विचारले. भिक्खूंना उत्तर देता आले नाही आणि त्यांना मार खावा लागला. तेव्हा अरण्यवासी भिक्खूने नक्षत्रे व दिशा यांचे ज्ञान मिळवावे, असा नियम भगवंतांनी घालून दिला. याउलट दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे व नक्षत्रे यांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे ही मिथ्या आजीविका ठरविली आहे. म्हणजे आकाशाचे निरीक्षण विहित आणि आकाशाच्या नावाने चालणारा व्यापार निषिद्ध, ही सीमारेषा धम्माने आरंभीच आखली होती.

विश्वाच्या विस्ताराविषयी अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात महत्त्वाचे वर्णन आहे. एक सहस्र सूर्य, एक सहस्र चंद्र, एक सहस्र सिनेरू पर्वत व एक सहस्र जंबुद्वीप मिळून एक लहान लोकधातू होतो. अशा सहस्र लोकधातूंचा मध्यम आणि मध्यमांच्या सहस्राचा महालोकधातू होतो. हे वर्णन वाचून आपल्यापैकी काहीजण आकाशगंगांचा शोध तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच लावला होता, असे सभांतून सांगतात. हा मोह टाळला पाहिजे. त्याच वर्णनात सिनेरू पर्वतही आहे, आणि तो कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसावे आणि निकायांत आकाशगंगा शोधाव्यात, हे युक्त नव्हे. आपली पृथ्वी विश्वाचे एकमेव केंद्र नाही, एवढी व्यापक कल्पना त्या काळी करता आली, हे तिचे खरे मोल होय.

आकाशात प्रवास करणाऱ्यांच्या कथा पालि साहित्यात अनेक आहेत. भाज्याच्या १९ व्या लेण्यात चार घोड्यांचा रथ व हत्तीवरील पुरुष अशी दोन प्रसिद्ध शिल्पे आहेत. बहुतेक अभ्यासक ती सूर्य व इंद्र यांची मानतात. काहींना त्यांत मान्धाता राजाची कथा दिसते. जातकातील हा मान्धाता पृथ्वी जिंकून देवलोकी जातो. तेथे अर्धे राज्य मिळाले तरी त्याची तृष्णा शमत नाही, आणि अखेर तो भूमीवर कोसळतो. चंद्रावर व इतर ग्रहांवर कोणत्याही राष्ट्राने स्वामित्व सांगू नये, असा आंतरराष्ट्रीय करार १९६७ साली करावा लागला, यावरून मान्धात्याची तृष्णा अद्याप जिवंत आहे, हे ध्यानी येईल.

दुसरा प्रवासी रोहितस्स. संयुत्तनिकायात तो आपली पूर्वजन्मीची कथा सांगतो. भोजपुत्र रोहितस्स ऋषी आकाशगामी होता. पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंत त्याचे एक पाऊल पडे. खाणे-पिणे, मलमूत्रविसर्ग व निद्रा यांपुरता थांबून तो शंभर वर्षे चालला आणि लोकाचा अंत न गाठताच वाटेत मरण पावला. आजचे गणित याहून निराळे नाही. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. सूर्याचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. हे यान त्याच दिशेने गेले असते, तरी तेथे पोहोचण्यास सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती. प्रकाशाच्या वेगाने शंभर वर्षे गेले तरी आपल्या आकाशगंगेच्या रुंदीचा हजारावा भागच ओलांडला जाईल.

तिसरी कथा दीघनिकायातील केवद्ध सुत्ताची. चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात, हे विचारीत एक भिक्खू देवलोकांमागून देवलोक ओलांडून महाब्रह्म्यापर्यंत जातो. महाब्रह्मा सर्वांसमक्ष स्वतःची बिरुदे सांगतो. मग त्याला बाजूला नेऊन कबूल करतो की आपल्याला उत्तर ठाऊक नाही. ही कबुली चारचौघांत देण्याचे धैर्य विज्ञानात असते. पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. २००५ सालच्या उड्डाणातील नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे इस्रोने २००९ साली जाहीर केले. परंतु ते पृथ्वीबाहेरून आले, असे यावरून निश्चितपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी सांगितले. आज सहा हजारांहून अधिक परग्रह ज्ञात आहेत. त्यांपैकी एकावरही जीवसृष्टी सिद्ध झालेली नाही.

उद्या अशी सृष्टी सापडली तर मनुष्य तिच्याशी कसा वागेल? कार्ल्याच्या चैत्यातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. परदेशी माणसाचे नाव इतर उपासकांच्या नावांशेजारी त्याच दगडावर, त्याच लिपीत आहे. याच महाराष्ट्रात पुढे शेजारच्या माणसाचा स्पर्श विटाळ ठरला आणि पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. ताऱ्यांचे अंतर मोजता येते. हे अंतर मात्र माणसाने निर्माण केलेले आहे.

म्हणूनच रोहितस्साला मिळालेले उत्तर आजही विचारार्ह आहे. चालून लोकाचा अंत गाठता येत नाही, पण तो गाठल्याशिवाय दुःखाचा अंतही होत नाही; आणि तो लोक या वावभर देहातच आहे, असे भगवंतांनी त्याला सांगितले. जगाच्या उत्पत्तीची चर्चा हे धम्माचे प्रयोजन नसून माणसामाणसांतील व्यवहार नव्याने घडविणे हे आहे, असा बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा आशय आहे. मावळाच्या वेशीवर, देहूरोडला, त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेथे दरवर्षी जाणाऱ्या आपल्या मुलांनी दुर्बीण अवश्य हाती घ्यावी. मात्र पत्रिका जुळविण्यासाठी आकाशाकडे पाहणे आपल्या घरांतून आधी बंद व्हावयास हवे.