मोहाचे फूल आणि अबकारीचा कायदा

खानदेशच्या उत्तरेला सातपुड्यात चोपडा, यावल, शिरपूरपासून पश्चिमेकडे अक्कलकुवा, तळोद्यापर्यंत मोहाची झाडे आहेत. अक्कलकुवा, तळोदा हे तालुके १९९८ साली नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धुळ्यातच होते. या पट्ट्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत मोहाची दारू देवकार्याला, लग्नाला, पाहुण्याला आणि भांडण मिटवायला लागे. पिण्याआधी थोडी धार पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडायची, ही रीत. देवमोगरा मातेच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतही ती वाहिली जाते.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची रसाळ, पिवळसर फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा मोकळी केलेली असते, आणि बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन वेचायला बसतात. वाळल्यावर फुले मनुक्यासारखी तांबूस होतात; त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ती पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत आंबतात आणि वर फेस येतो. द्राक्षाची वाइन मुख्यतः आंबवण्यातूनच तयार होते. मोहाचे मात्र त्यापुढे ऊर्ध्वपातन होते: आंबलेले मिश्रण चुलीवरच्या भांड्यात तापवायचे, वाफ थंड करायची आणि थेंब धरायचे. पहिल्या धारेची दारू सर्वांत कडक असते.

फूल हे अन्नही आहे. ते भाजून, शिजवून खातात आणि दुष्काळात त्यावर कुटुंबे तगली आहेत. दारू मात्र तितकी पौष्टिक नसते, कारण साखरेचे मद्य झालेले असते आणि खनिजे भांड्याच्या तळाशीच राहतात. ती अंगात ताकद आणते, ही समजूत जुनी आहे, पण नित्य पिण्याने यकृत बिघडते हेच खरे.

इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतल्यानंतर हळूहळू या दारूचे महसुलात रूपांतर झाले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळणे आणि विकणे परवान्याखाली आणले. १८९२ साली खुद्द मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला. परिणाम मोठा होता. घरची वस्तू ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली, उधारी साचू लागली, आणि कर्जापायी जमीन सावकाराकडे जाऊ लागली. व्यसनाचा दोष आदिवासींच्या माथी मारला गेला, तेव्हा हा हिशेब सहसा कोणी मांडला नाही.

प्रतिकार आतूनच आला. १९२२-२३ च्या देवी चळवळीत दक्षिण गुजरातेतील आदिवासींनी दारू आणि मांस सोडले. तिचे पडसाद लगतच्या पश्चिम खानदेशातही उमटले. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारूत्यागाचा आणि स्वच्छतेचा उपदेश केला. एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने हाक मारायची, हा त्यांच्या पंथाचा विशेष. वेठीत राबणाऱ्या माणसांच्या तोंडी तो शब्द आला, याचे मोल फार मोठे आहे. १९३८ साली महाराजांचे निधन झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि फुले बाळगण्यावर, नेण्यावर बंधने राहिली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली फुले गोळा करण्यावरील, साठवण्यावरील आणि वाहतुकीवरील निर्बंध उठवले. विनापरवाना दारू गाळणे मात्र आजही गुन्हाच आहे.