सीटखालचं इंजिन

मारुती व्हॅन 1984 साली आली, 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं. 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणून बिघाड झाला की आधी माणसं उतरवायची, मग सीट उचलायची!

आमच्याकडे जुनी व्हॅन होती. पॉइंट वेळेवर साफ करायचा मीच कंटाळा केला. ठिणगी नीट पडेना. मुलीला सावनेरहून नागपूरला प्रवेश परीक्षेला नेताना पाटणसावंगीजवळ गाडी झटके देत थांबली. मे महिन्याचं ऊन, तापलेलं इंजिन. पॉलिश पेपरने पॉइंट घासताना बोटं भाजली. पोचलो, पण उशिरा. पोरगी वाटेत एक शब्द बोलली नाही.

पुढे ओम्नीत एमपीएफआय आलं, पॉइंटचा जाच संपला. 2019 मध्ये उत्पादनच थांबलं. मुलगी मात्र उरलेल्या परीक्षांना एसटीनेच गेली.