सर्जनशील शिक्षणाची फुले-आंबेडकरी परंपरा आणि वस्तीतली शाळा

कृतियुक्त शिक्षण, आनंददायी शिक्षण, ज्ञानरचनावाद हे शब्द आज शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतात. त्यांचा इतिहास सांगायची वेळ आली की जॉन ड्यूई आणि मारिया माँटेसरी यांची नावे घेतली जातात. ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. पण ड्यूई यांची शिकागोतील प्रायोगिक शाळा १८९६ ची आणि माँटेसरी यांचे रोममधील बालगृह १९०७ चे. भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली ती १८४८ साली. तरीही जोतीराव-सावित्रीमाईंची ओळख 'पहिली शाळा काढणारे समाजसुधारक' एवढ्यावरच का थांबते? त्यांनी शिक्षणाविषयी केलेला विचार का शिकवला जात नाही?

त्यांच्या शाळेत काय शिकवले जात होते, याचा पुरावा मुक्ता साळवे हिने ठेवला आहे. मांग समाजातील ही विद्यार्थिनी अवघी १४ वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाळंतपणातही आपल्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे तिने लिहिले. वेद वाचण्याचा अधिकार नाकारणाऱ्या धर्माला आपला धर्म कसा म्हणायचे, हा प्रश्न तिने विचारला. पाठांतर करवून घेणाऱ्या शाळेतून असा निबंध बाहेर पडत नाही. स्वतःचे जगणे हाच अभ्यासाचा विषय आहे, असे त्या मुलीला वाटावे असे वातावरण त्या शाळेत होते. आम्ही सर्जनशील अध्यापन म्हणतो ते याला.

पुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी आपल्याला ठाऊक असते. पण त्याच निवेदनात मोडी-बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला आरोग्य, नीती आणि शेतीचे धडे आहेत. शेतीचे धडे छोट्या नमुना शेतावर प्रत्यक्ष काम करून द्यावेत, असे ते सांगतात. नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरातील लोकांत सहज मिसळेल, असा शिक्षक त्यांना हवा होता. प्रशिक्षित शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, हेही त्यांनी बजावले. म्हणजे सक्ती, अभ्यासक्रम, शिक्षकाची वृत्ती आणि त्याचा पगार हे सगळे जोतीरावांनी एकत्र मांडले होते.

बाबासाहेबांनी यात गळतीचा हिशेब मांडला. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी सभागृहाला सुनावले. मूल शाळेत टिकलेच नाही तर शिकवण्याची उत्तम पद्धत कोणासाठी?

मित्रहो, हा प्रश्न आजचाही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा १४ हजारांहून अधिक होत्या. एकत्र आणले की मुलांना मैदान, प्रयोगशाळा, सोबती मिळतील, असा युक्तिवाद केला जातो. या सोयी मुलांना मिळायलाच हव्यात. पण वाडी, तांडा, पाडा इथे शाळा दूर गेली की आधी मुलीचे शिक्षण सुटते, हे वस्त्यांत काम करताना आम्ही पाहिले आहे. बस एक दिवस आली नाही तर मुलगी घरी राहते. चार दिवस आली नाही तर तिच्या काखेत धाकटे भावंड येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्या राज्यात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी, ती यासाठीच.

शिक्षकाचे काय? नव्या प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून १६ हजार रुपये मानधनावर काम करावे लागते. त्यातच ऑनलाइन माहिती भरणे, मतदार याद्या, सर्वेक्षणे. मग त्याच्याकडूनच नवनवीन उपक्रमांचे फोटो मागवले जातात. भिंती रंगवून शाळा बोलकी होत नाही. मुक्तासारखी मुलगी बोलू लागली की ती बोलकी होते.

म्हणून आमचे सांगणे आहे की जयंतीला भाषण ठोकून थांबू नका. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत, असा कायदा आहे. आपल्या वस्तीतील पालक, विशेषतः आया, त्या समितीत आहेत का ते बघा. पट किती, शिक्षक किती, गळती कोणाची, हे बैठकीत विचारा. शाळा हलवण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत ठराव घेऊन विरोध नोंदवा. आणि आपल्या अभ्यासिकेत मुलांना आठवड्यातून एकदा तरी स्वतःच्या जगण्यावर लिहायला लावा. शाळा टिकवणे आणि मुलांना लिहिते करणे ही दोन्ही कामे आपलीच आहेत.

जयभीम!