घोडी, खोगीर आणि हाडाचे दोन तुकडे

मराठी माणसापुढे 'नट' हा शब्द उच्चारला की त्याला नाटकातला नट आठवतो, नाहीतर सायकलच्या चाकाचा नट-बोल्ट. गिटारला या दोघांशी काही संबंध नसलेला तिसराच एक नट असतो. खुंट्या जिथे असतात त्या डोक्याच्या आणि मानेच्या सांध्यावर बसवलेली ही एक आडवी पट्टी. तिच्यावर सहा खाचा, आणि प्रत्येक खाचेतून एक तार. दुसऱ्या टोकाला, पोटावरच्या लाकडी ब्रिजमध्ये तशीच एक पट्टी उभी खोचलेली असते. तिला इंग्रजीत 'सॅडल' म्हणतात, म्हणजे खोगीर. गंमत बघा, आपल्या तानपुऱ्यात तार जिच्यावरून जाते तिला आपण 'घोडी' म्हणतो आणि फ्रेंच लोकही व्हायोलिनच्या ब्रिजला छोटा घोडाच म्हणतात. इंग्रजांनी खोगीर ठेवले, आपण घोडी ठेवली. स्वार मात्र एकच, तो म्हणजे तार.

या दोन चिमुकल्या तुकड्यांचा इतिहास लिहावा असे बरेच दिवस मनात होते. गिटारबद्दल लिहिणारे लाकडाबद्दल लिहितात, वादकाबद्दल लिहितात. पण तार वाजते ती या दोन तुकड्यांच्या मधल्या अंतरातच. एकाची खाच चुकली की उत्तमातले उत्तम लाकूड काही कामाचे नाही.

थोडे मागे जाऊ. ल्यूट, गिटार यांसारख्या वाद्यांवर पडदे कुठे बांधायचे, हा युरोपातला जुना प्रश्न. १५८१ साली व्हिन्सेंझो गॅलिली या इटालियन संगीतज्ञाने आपल्या ग्रंथात एक सोपा हिशेब दिला. तारेच्या लांबीचे अठरा भाग करा आणि एका भागावर पहिला पडदा बसवा. मग उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग करा, आणि असेच पुढे जात राहा. हे गृहस्थ म्हणजे दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे वडील! आज अठराऐवजी १७.८१७ हा आकडा घेतात, एवढाच फरक. पण या हिशेबात 'तारेची लांबी' म्हणजे काय? नटपासून सॅडलपर्यंतचे अंतर. म्हणजे हे दोन तुकडे जागेवर नसतील तर पडद्यांच्या सगळ्या गणिताला पायाच उरत नाही.

स्पेनमधल्या अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) याने गिटारला आजचे रूप दिले. तारेची ६५० मिलिमीटर लांबी त्याच्या कामामुळे रूढ झाली आणि शास्त्रीय गिटारसाठी ती आजही प्रमाण मानली जाते. त्याच्या आधीच्या पुष्कळ गिटारींत वेगळे सॅडल नसे, तार सरळ ब्रिजच्या लाकडावरच टेके. वेगळी हाडाची पट्टी आली आणि एक मोठी सोय झाली. पट्टी झिजली की ती काढून दुसरी घालता येऊ लागली. उंची कमी-जास्त करायची तर ब्रिजला हात लावायला नको. मला या इतिहासातली ही सर्वांत शहाणपणाची पायरी वाटते. जो भाग झिजणारच आहे, तो मुळातच वेगळा आणि बदलता येईल असा करून ठेवणे.

तुकडा कशाचा करायचा? तार सतत घासणार आणि सतत दाबणार, तेव्हा पदार्थ कठीण आणि एकजीव हवा. हाड होतेच. श्रीमंती वाद्यांना हस्तिदंत. जर्मनीतून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिनच्या घराण्याने आपल्या गिटारींना हस्तिदंताचे नट आणि सॅडल पुढे कित्येक दशके वापरले. त्या काळी कंगवे, पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू, सगळ्यालाच हस्तिदंत लागे. एकेका तुकड्याचा आकार बोटभर, पण हत्ती मात्र अख्खा मरे.

हे थांबायला विसावे शतक संपत यावे लागले. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. जागतिक पातळीवर १९७३ चा वॉशिंग्टनचा करार आणि १९८९ साली आफ्रिकी हत्तीला त्यात मिळालेले पूर्ण संरक्षण यांनी दारे लावली. मग पर्याय आले. राळेत भिजवलेल्या कापडाचे किंवा कागदाचे थर दाबून केलेले मायकार्टा आले, स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी निघालेले कोरिअन आले, कॅनडातल्या एका कंपनीचे टस्क नावाचे कृत्रिम हस्तिदंत आले. अगदी स्वस्त गिटारींत पोकळ प्लॅस्टिक. आणि या सगळ्या गर्दीत जुने हाड अजून टिकून आहे. ते कानसले की जळलेल्या नखासारखा वास सुटतो. प्लॅस्टिकला तो येत नाही. हाड ओळखायची ही सोपी खूण.

आता आपल्या मिरजेकडे वळतो, कारण हाडावर तार बसवण्याची विद्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त कुठे मुरली असेल तर तिथे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून ही परंपरा सांगतात. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचा काळ सरला आणि ते हात भोपळ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे, आणि घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत, हरणाचे शिंग, आता मुख्यतः उंटाचे हाड. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल.

पण इथे एक मोठा भेद आहे. गिटारच्या सॅडलचा माथा निमुळता हवा. तार एका रेषेवर टेकली पाहिजे आणि तिथून ताबडतोब सुटली पाहिजे. माथा सपाट राहिला तर तार झणझणते, आणि गिटारवाल्याला तो दोष वाटतो. तानपुऱ्याची घोडी याच्या अगदी उलट. तिचा माथा रुंद आणि किंचित उतरता. तार त्यावर कंप पावताना जराजरा टेकत-सुटत राहते, आणि त्या झणझणण्यातूनच स्वरांची ती भरलेली आभा तयार होते. तिलाच जवारी म्हणतात. तारेखाली जीव म्हणून रेशमाचा वा सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी केली जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याहून भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असेल ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. तानपुरा आणि वीणा हा नियम मोडतात, आणि त्याचे कारण घोडीची वक्रता, हे त्यांनी दाखवले. नोबेल मिळायच्या नऊ वर्षे आधीचे हे काम.

म्हणजे हाड तेच, कानस तीच, पण एका वाद्यात जो दोष तोच दुसऱ्यात गुण!

आणखी एक वळण आहे, ते हवाईचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवायची पद्धत निघाली. जोसेफ केकुकू या तरुणाचे नाव त्यासाठी घेतात. कांडी पडद्यांना लागू नये म्हणून तारा उंच हव्यात. मग सोपा उपाय काय? नट उंच करा. साध्या गिटारच्या नटावर धातूची उंच पट्टी चढवली की ती हवाईयन झाली. हवाईचे वादक ताउ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि हे वाद्य आपल्याकडे रुजले. पुढे व्हॅन शिप्ली आणि सुनील गांगुली यांनी सिनेमाची गाणी या गिटारवर घरोघर नेली, तर ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आमच्या पिढीला अजून आठवते.

माझ्या धाकट्या भावाकडे अशीच एक गिटार होती. तो गेल्यावर ती कपाटावर पडून होती. गेल्या वर्षी पुतणी म्हणाली, "काका, बाबांची गिटार मला वाजवायचीय, पण बोटांनी." उंच पट्टी काढली तर खालचा मूळचा प्लॅस्टिकचा नट दुभंगलेला. एका दुकानदाराने हातात घेऊन पाहिली आणि सांगितले, "याचं सामान मिळत नाही, नवीन घ्या." नवीन घेणे कठीण नव्हते. पण पुतणीला नवी गिटार नको होती, बाबांची हवी होती.

शेवटी तानपुरे दुरुस्त करणाऱ्या एका मिरजेच्या कारागिराकडे गेलो. त्याने उंटाच्या हाडाची पट्टी घेतली आणि दगडावर तळ घासून आरशासारखा सपाट केला. तळाला पोकळी राहिली तर आवाज लाकडात उतरतच नाही, म्हणाला. मग खाचा. खाच डोक्याकडे उतरती हवी, म्हणजे तार पडद्यांकडच्या कडेवरूनच सुटते. तिसऱ्या पडद्यावर बोट दाबून पाहायचे, पहिल्या पडद्यावर कागद सरकेल एवढीच फट राहिली पाहिजे. जास्त राहिली तर पहिला पडदा दाबताच स्वर चढतो, कमी राहिली तर मोकळी तार झणझणते.

सॅडलचे काम जास्त नाजूक निघाले. हवाईयनमध्ये कांडी स्वर जिथे हवा तिथे थांबते, म्हणून सरळ सॅडल चालते. बोटाने दाबताना मात्र तार ताणली जाऊन स्वर थोडा चढतो, आणि जाड तारेचा जास्त. त्यासाठी जाड तारांची लांबी जराशी वाढवावी लागते. त्याने ब्रिजची खाच थोडी रुंद केली, जाड हाड बसवले आणि प्रत्येक तारेपुरता माथा पुढे-मागे कोरला. उंचीचाही त्याचा हिशेब पक्का होता. बाराव्या पडद्यावर तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासायचे, कारण तो पडदा बरोबर मध्यावर. शाळेत समरूप त्रिकोण शिकवताना मला हे उदाहरण माहीत असते तर!

काम संपल्यावर म्हणाला, "सर, तानपुऱ्याला तार खेळवायची, हिला तार सोडवायची. एवढंच." धातूची ती उंच पट्टी त्याने कागदात गुंडाळून परत दिली. पुतणीने ती गिटारच्या पेटीतच ठेवली आहे. कुणाला भावासारखी वाजवावीशी वाटली तर पुन्हा चढवता येईल.

माझ्या मते वाद्य शंभर वर्षे टिकते ते त्यातला काही भाग शंभरदा बदलता येतो म्हणून. तयार नट आज घरबसल्या मागवता येतात आणि ते वाईट नसतात. पण कोणताही तयार तुकडा आपल्या वाद्याला जसाच्या तसा बसत नाही. तो घासावाच लागतो, आणि कुठे थांबायचे हे हाताला कळावे लागते. सामान मिळत नाही असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा सामान असते, हात मिळत नसतो. मिरजेच्या मानांकनाने वाद्याला नाव मिळाले, त्या हातांनाही काम मिळत राहो.

असो. तुमच्या घरी एखादी मुकी पडलेली गिटार, सतार, बुलबुलतरंग काही असेल, तर टाकून देण्याआधी दोन्ही टोकांचे तुकडे एकदा जरूर पाहा. आणि तुमच्या गावात असा कारागीर असेल तर मला कळवा.