पूर्णाथडी

थडी म्हणजे नदीचा काठ. गोदावरीकाठची गंगथडी, भीमेकाठची भीमथडी. आणि भीमथडी म्हटलं की जुन्या माणसाला आधी घोडाच आठवतो, मराठ्यांचं ते काटक तट्टू. काठाचं नाव जनावराला द्यायची आपली जुनी रीत. तिनंच वऱ्हाडातल्या एका म्हशीला नाव दिलं: पूर्णाथडी.

पूर्णा उगम पावते सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीजवळ. गावाच्या नावातच म्हैस! त्यावरून मी काही सिद्ध करायला निघालो नाही, पण अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवला तापीला मिळणाऱ्या या नदीच्या उगमाशीच ते नाव असावं, याचं मला अप्रूप वाटतं.

खरी कुळकथा मात्र पाण्यात आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. माती काळी, कसदार. विहिरीचं पाणी खारट. त्यामुळे ओलीत नाही, आणि ओलीत नाही म्हणून बारमाही हिरवा चाराही नाही. जनावरापुढे पडतो ज्वारीचा कडबा, तुरी-हरभऱ्याचं कुटार आणि कापसाचा मुलूख म्हणून सरकीची ढेप. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो. म्हशीला घाम कमी, तिला डुंबायला पाणी लागतं, आणि नेमकं तेव्हा नाले आटलेले असतात. अशातही ज्या म्हशी गाभण राहिल्या, व्यायल्या, त्यांचाच वंश पुढे चालला. राखणारे शेतकरी आणि गवळी होते; निवड या पट्ट्यानं केली.

बरीच वर्षं ती नागपुरी म्हशीतच मोजली गेली. त्या जातीला एलिचपुरी असंही म्हणत. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. पण नागपुरी काळी, ही भुरी. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

मुऱ्हा जास्त दूध देते, खरंच देते, पण ती हिरव्या चाऱ्यावर. कुटारावर भागवून घट्ट दूध देणारी म्हैस कोरडवाहू घराला परवडते. आणखी एक गोष्ट आहे, जी बोलायला लोक कचरतात. 2015 च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आली. म्हशीला ती बंदी नाही. म्हातारा बैल विकेना झाला, भाकड म्हशीला मात्र मांसासाठी गिऱ्हाईक राहिलं. चार एकरवाल्याच्या घरात ते पैसे म्हणजे पुढच्या गाभण म्हशीचा निम्मा आधार असतो.

याच बाजारात हल्याही लहानपणीच जातो, आणि मला काळजी आहे ती त्याची. गावात एक तरी जातिवंत पूर्णाथडी हल्या राखला नाही, तर म्हशी मुऱ्ह्याच्या रेतनाकडे जाणार आणि त्यांच्या वगारी मागतील तो हिरवा चारा खाऱ्या विहिरीवर पिकत नाही.